२^६७ − १ : भाग जातो हे १८७६ मध्ये कळले, कशाने जातो हे १९०३ मध्ये

या प्रकरणात संख्या एकच आहे.

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

एकवीस अंकी. एकापासून सुरुवात करून सदुसष्ट वेळा दुप्पट करायची आणि शेवटी १ वजा करायचा, की ही मिळते. म्हणून तिला २^६७ − १ असे लिहितात. द्विमान पद्धतीत लिहिली तर नुसते ६७ एक ओळीने उभे राहतात, मध्ये शून्य एकही नाही. इतक्या साध्या बांधणीची संख्या, पण तिच्याबद्दल चुकीचे विधान छापून आले १६४४ मध्ये आणि तिचे अवयव लोकांसमोर आले १९०३ मध्ये. मध्ये २५९ वर्षे गेली.

त्यातली शेवटची २७ वर्षे सर्वांत चमत्कारिक आहेत. १८७६ पासून ही संख्या मूळ नाही, संयुक्त आहे, असे गणित सांगत होते. पण तिला कोणत्या संख्येने भाग जातो हे कोणालाच ठाऊक नव्हते. शाळेत अवयव पाडायला शिकलेल्या माणसाला हे पटत नाही. भाग जातो हे कळले, तर कशाने जातो हे कळल्याशिवाय कसे कळले? संख्या संयुक्त आहे हे ओळखणे, तिचे अवयव शोधणे आणि कोणी दिलेले अवयव तपासणे ही तीन निरनिराळी कामे आहेत. त्यांना लागणाऱ्या कष्टांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हे अंतर दाखवायला २^६७ − १ इतके सोयीचे उदाहरण मला दुसरे दिसत नाही, कारण तिचा प्रत्येक टप्पा आजही कागदावर करून बघता येतो.

मर्सेनची यादी

२^n − १ या रूपातली संख्या मूळ असायची असेल तर n मूळ असावाच लागतो. n = १५ घेतला तर ३२,७६७ मिळतात आणि त्यांना ७ ने व ३१ नेही भाग जातो, कारण २^३ − १ आणि २^५ − १ हे दोन्ही आत दडलेले असतात. उलट बाजू मात्र खरी नाही. ११ मूळ आहे, तरी २^११ − १ = २,०४७ = २३ × ८९.

पॅरिसमधल्या मारँ मर्सेन या धर्मगुरूने १६४४ मध्ये दावा केला की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांनाच ही संख्या मूळ येते. पहिले आठ बरोबर. पुढच्या तिघांपैकी फक्त १२७ बरोबर. ६७ आणि २५७ चुकले, आणि ६१, ८९, १०७ यादीत यायला हवे होते ते राहून गेले. ६१ च्या जागी चुकून ६७ छापले गेले असावे असाही एक तर्क आहे. २^६१ − १ मूळ असल्याचे रशियातल्या इव्हान पर्वूशिन या पाद्रीने १८८३ मध्ये दाखवले, त्यामुळे तर्काला थोडा जोर येतो. पण तो तर्कच. गंमत म्हणजे पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सारा काळ पुरणार नाही, असे मर्सेनने स्वतःच लिहून ठेवले आहे. मग यादी केली कशी, हा प्रश्न उरतोच.

या संख्यांचे वेड परिपूर्ण संख्यांपायी होते. परिपूर्ण म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या सर्व विभाजकांची बेरीज स्वतःएवढी असलेली संख्या, जशा ६ आणि २८. २^६७ − १ मूळ असती तर २^६६ × (२^६७ − १) ही परिपूर्ण ठरली असती. ती ठरत नाही. विभाजकांची बेरीज थोडी जास्त भरते, पण किती जास्त? संख्येच्या सुमारे ९.७ कोटींत एक भाग. हुकली तीही इतक्या थोडक्यात.

अवयव असलेच, तर कसे असतील

इथे फ्रेंच गणिती फर्मा याचे काम उपयोगी पडते. समजा p ही मूळ संख्या २^६७ − १ ला भागते. म्हणजे २^६७ ला p ने भागले तर बाकी १ उरते. फर्माच्या प्रमेयानुसार २^(p−१) ची बाकीही १ असते. ६७ मूळ असल्यामुळे ही दोन्ही विधाने एकत्र नांदायची तर p − १ ला ६७ ने भाग गेलाच पाहिजे. p विषम, म्हणून p − १ सम. तेव्हा p चे रूप ठरले: १३४k + १.

दुसरी अट आणखी सुंदर आहे. २^३४ चा वर्ग केला तर २^६८ येतो. त्यातून आपल्या संख्येची दुप्पट, म्हणजे २^६८ − २, वजा केली की उरतात फक्त २. याचा अर्थ p ने भागून बाकी पाहण्याच्या हिशेबात २ हा कोणाचा तरी वर्ग आहे. असे फक्त अशाच मूळ संख्यांच्या बाबतीत घडते ज्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते. त्यामुळे k ला ४ ने भागले की बाकी ० किंवा १ हवी, बाकीचे k बाद. उमेदवार एका फटक्यात निम्मे झाले.

यादी करायला घ्या: १३५, ५३७, ६७१, १,०७३, १,२०७. पाचही स्वतःच संयुक्त, म्हणजे निकामी. (१,०७३ = २९ × ३७ आणि १,२०७ = १७ × ७१ हे पटकन लक्षात येत नाही.) पहिला खरा उमेदवार १,६०९. त्याने भाग जात नाही. त्यापुढचा, त्यापुढचा, असे करत वर्गमूळापर्यंत जायचे. वर्गमूळ आहे सुमारे १,२१५ कोटी, आणि तिथपर्यंत या दोन अटी पाळणारे उमेदवार होतात सुमारे साडेचार कोटी. गाळणी कितीही बारीक वाटली तरी हाताने करायचे काम हे नव्हे.

ल्यूका: भागाकार न करता निकाल

फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका याने १८७६ मध्ये वेगळीच वाट काढली. अवयव शोधायचेच नाहीत. संख्या मूळ असेल तर एका ठरावीक आकडेमोडीचा शेवट ठरावीकच व्हायला हवा, तसा झाला नाही तर ती संयुक्त. त्याच्या विचाराला पुढे डी. एच. लेमर यांनी सुटसुटीत रूप दिले आणि आज तेच वापरतात: ४ पासून सुरुवात, दर वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्या झाल्यावर शून्य आले तर मूळ, नाहीतर संयुक्त.

घातांक ७ घेऊ, म्हणजे संख्या १२७. ओळ अशी चालते: ४, १४, ६७, ४२, १११, ०. पाच पायऱ्या, शेवटी शून्य. १२७ मूळ.

घातांक ११, संख्या २,०४७. ओळ: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १,८७७, २४०, २८२, १,७३६. नऊ पायऱ्या झाल्या, शून्य आले नाही. २,०४७ संयुक्त. आता या १,७३६ कडे कितीही वेळ टक लावून बघा, त्यात २३ कुठे दिसत नाहीत आणि ८९ ही दिसत नाहीत. कसोटीने फक्त एवढेच सांगितले की मूळ संख्या असती तर असे झाले नसते.

२^६७ − १ ला अशा ६५ पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीत एकवीस अंकांपर्यंतच्या संख्येचा वर्ग आणि मग भागाकार. कष्टाचे आहे, पण साडेचार कोटी भागाकारांपुढे काहीच नाही. ल्यूकाचा निकाल आला: संयुक्त. त्याच वर्षी त्याने २^१२७ − १ मूळ असल्याचेही जाहीर केले. ही ३९ अंकी संख्या १९५१ पर्यंत माणसाला माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

इथे एक खोच आहे जी बहुतेक लिखाणात सुटते. पासष्ट पायऱ्यांत एखादा अंक चुकला तर काय होईल? शेवटी शून्याऐवजी काहीतरी भलतेच येईल, म्हणजे निकाल पुन्हा "संयुक्त" असाच येईल. शून्य आले तर आकडेमोड बरोबर असल्याचा तो स्वतःच जवळजवळ पुरावा असतो, कारण चुकून नेमके शून्य यायची शक्यता नगण्य. शून्येतर बाकीला असा आधार नाही. म्हणून ल्यूकाचा २^६७ − १ बद्दलचा निकाल त्याच्या अचूकपणावरच्या विश्वासावर उभा होता. अवयव हातात आले असते तर विश्वासाचा प्रश्नच उरला नसता.

याहून सोपी कसोटी नव्हती का? फर्माचे प्रमेय उलटे वापरून बघता येते: N मूळ असेल तर २^(N−१) ला N ने भागून बाकी १ यायला हवी. पण आपली संख्या, म्हणजे N = २^६७ − १, त्या परीक्षेत साळसूदपणे पास होते. N − १ = २ × (२^६६ − १), आणि २^६६ − १ ला ६७ ने भाग जातो, कारण ६७ मूळ आहे. म्हणून N − १ हा ६७ च्या पटीत आहे, २^६७ ची बाकी तर १ आहेच, आणि उत्तर १ येते. मूळ घातांकाची अशी प्रत्येक संख्या या परीक्षेला चकवते. २,०४७ देखील.

कोलचे रविवार

फ्रँक नेल्सन कोल हे कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे अनेक वर्षे सचिव. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये सोसायटीच्या बैठकीत त्यांचा निबंध होता, विषय मोठ्या संख्यांचे अवयव. एरिक टेंपल बेल यांनी पुढे सांगितलेली हकिगत अशी: कोल न बोलता फळ्याकडे गेले, २ चा ६७वा घात मांडून त्यातून १ वजा केला, फळ्याच्या दुसऱ्या भागात जाऊन

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

हा गुणाकार हाताने पूर्ण केला, दोन्ही उत्तरे जुळली, आणि एक शब्दही न उच्चारता जागेवर जाऊन बसले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. किती वेळ लागला असे बेल यांनी १९११ मध्ये विचारले तेव्हा कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

मौनाची ही गोष्ट फारच देखणी आहे आणि ती बेल यांच्या सांगण्यावर उभी आहे. मला तिच्यापेक्षा रविवारांचा हिशेब अधिक बोलका वाटतो. तीन वर्षांचे रविवार म्हणजे सुमारे १५६. लहान अवयव १९,३७,०७,७२१ हा १३४k + १ मध्ये बसवला तर k येतो १४,४५,५८०. म्हणजे क्रमाने भागाकार करत गेलात तर तिथवर पोचायला सुमारे ७ लाख २३ हजार उमेदवार तपासावे लागतात. ३, ५, ७ ने भाग जाणारे उमेदवार आधीच वगळले तरी सुमारे ३ लाख ३० हजार उरतात. दर रविवारी दोन हजारांहून जास्त भागाकार झाले. माणसाच्या हातून हे होणे नाही. शिवाय अवयव इतक्या लवकर भेटेल हे आधी कोणाला माहीत होते? तेव्हा कोल नुसते चिकाटीने भागत बसले नव्हते, हे आकडेच सांगतात.

त्यांनी वर्गांच्या बाक्यांचा आधार घेतला. २ हा वर्ग ठरल्यामुळे उमेदवार निम्मे झाले, हे आपण वर पाहिले. तीच युक्ती पुन्हा पुन्हा वापरायची. एखाद्या संख्येचा वर्ग घ्यायचा, त्यातून २^६७ − १ ची योग्य ती पट वजा करायची आणि उरलेली संख्या लहान मूळ संख्यांचा गुणाकार निघते का बघायचे. अशा पुरेशा बाक्या जमल्या की त्या एकमेकींत गुणून ३, ५, ७ किंवा त्यांच्या गुणाकारांविषयी स्वतंत्र विधाने मिळतात: हा वर्ग आहे, हा नाही. प्रत्येक नवे विधान उरलेल्या उमेदवारांपैकी साधारण निम्मे बाद करते. दहा विधाने मिळाली की हजारातला एक उरतो. रविवार गेले असतील ते मुख्यतः ही विधाने गोळा करण्यात. फळ्यावरचा गुणाकार हे फार तर दहा मिनिटांचे काम. आठवणीत मात्र तोच राहिला.

ताळा

तो गुणाकार करायचा कंटाळा असेल तर आधी नऊचा ताळा. एकवीस अंकांची बेरीज १०९, नऊने भागून बाकी १. अवयवांच्या अंकांच्या बेरजा ३७ आणि ६४, दोघांचीही बाकी १. १ × १ = १, जुळले. अर्थात नऊचा ताळा जुळला म्हणून गुणाकार बरोबर आहे असे सिद्ध होत नाही.

पक्का ताळा गुणाकाराशिवायही करता येतो. १९,३७,०७,७२१ ला p म्हणू आणि दुप्पट करत जाऊ, p च्या वर गेले की p वजा करू. २^२७ = १३,४२,१७,७२८, अजून p च्या आत. २^२८ ची बाकी ७,४७,२७,७३५. मग १४,९४,५५,४७०. मग १०,५२,०३,२१९. मग १,६६,९८,७१७. मग ३,३३,९७,४३४. २^३३ ची बाकी ६,६७,९४,८६८. २^३४ ची १३,३५,८९,७३६, आणि ही p पेक्षा ६,०१,१७,९८५ ने कमी आहे. २^६७ म्हणजे २^३३ × २^३४. तेव्हा ६,६७,९४,८६८ × ६,०१,१७,९८५ या गुणाकारात १ मिळवला आणि त्याला p ने नेमका भाग गेला, तर p हा अवयव आहे. बेरीज येते ४,०१,५५,७२,८७,२५,००,९८१. p ने भागा: २,०७,३०,०६१, बाकी शून्य.

कागद, पेन आणि अर्धा तास. ल्यूकाच्या पासष्ट पायऱ्यांवर किंवा कोलच्या रविवारांवर विश्वास ठेवायची काही गरज राहिली नाही.

मागाहून दिसलेली फट

१९,३७,०७,७२० या संख्येचे, म्हणजे p − १ चे, अवयव पाडून बघा: २^३ × ३^३ × ५ × ६७ × २,६७७. सर्वांत मोठा मूळ अवयव फक्त २,६७७. जॉन पोलार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या पद्धतीला नेमके हेच हवे असते. ३ घ्यायचा, २,६७७ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांचे योग्य घात क्रमाने चढवत जायचे, दर वेळी N ने भागून बाकी ठेवायची. घातांक p − १ च्या पटीत आला की p च्या हिशेबात उत्तर १ होते. त्यातून १ वजा करून N शी मसावि काढला की p पकडीत येतो. (पाया २ घेऊन चालत नाही. २ चा ६७वा घात दोन्ही अवयवांच्या हिशेबात एकदमच १ होतो, त्यामुळे मसावि म्हणून N च परत मिळते.) साधारण चार हजार वर्ग-भागाकार लागतात. कोलच्या एका रविवारात पंचवीस बसवले तर १५६ रविवारांत हेही हाताने झाले असते! पण २,६७७ ला थांबता येईल हे p सापडल्यावरच कळते. आज संगणकाला या संख्येचे अवयव पाडायला सेकंदाचा अंशही लागत नाही, मग पद्धत कोणतीही असो.

तपासणे सोपे आणि शोधणे अवघड, या तफावतीवरच १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी आपली गुप्तलेखनाची पद्धत उभारली. तिच्यासाठी निवडतात त्या संख्या शेकडो अंकी असतात, आणि त्यांचे अवयव २,६७७ सारखी फट ठेवणारे नाहीत ना, हाही विचार त्या निवडीत होत आला आहे.

मर्सेनच्या यादीचा हिशेब १९४७ च्या सुमारास पुरता मिटला. पण १८७६ ते १९०३ या काळात २^६७ − १ जिथे अडकली होती तिथे आजही बऱ्याच संख्या अडकून आहेत. त्यांतली सर्वांत लहान २^१२७७ − १, ३८५ अंकी. लेमरच्या रूपातली ल्यूकाची कसोटी तिला संयुक्त ठरवते आणि आता पासष्टऐवजी १,२७५ पायऱ्या यंत्र क्षणात करते, त्यामुळे निकालाबद्दल शंका नाही. अवयव मात्र हे लिहिताना एकही माहीत नाही. एवढे मात्र आत्ताच सांगता येते: तो २,५५४k + १ या रूपातला असेल, आणि k ला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा ३ उरेल.